जिंतूरकरांचा कोरा रकाना

परभणीत स्टेशन रोडवर गफूरभाईचं हॉटेल होतं. तिथं सगळे चहा मागायचे. जिंतूरकर चहा मागत नसत, चहाचा तपशील देत.

“गफूरभाई, एक पेय. गरम. दूध अर्धं. साखर कमी. अद्रक असल्यास. कप, कान शाबूत. बशी कोरडी.” एवढं झालं की उजव्या हाताचं बोट वर करून विचारत, “आता जे मी सांगितलं नाही, ते तुम्ही काय धरणार?”

गफूरभाई पातेल्यातला चमचा न थांबवता म्हणायचा, “साब, तुम्ही सांगितलं ते बी आन् न्हाई सांगितलं ते बी, एकाच पातेल्यात उकळायलंय.”

“चालेल,” जिंतूरकर म्हणत. “पण आधी माहीत असलेलं बरं.”

‘न सांगितलं तर काय धरायचं?’ हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नसेल असा माणूस परभणीत मिळणं अवघड. रिक्षावाल्याला विचारला, न्हाव्याला विचारला. तरुणपणी मुलगी बघायला गेले, तेव्हा पोहे खाता खाता मुलीच्या वडलांनाच विचारलं, “मुलगी काहीच बोलली नाही, तर होकार धरायचा का नकार?” वडलांनी क्षणभर यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “नकार.” जिंतूरकरांनी उरलेले पोहे संपवले, उत्तर स्पष्ट दिल्याबद्दल आभार मानले आणि घरी आले. पुन्हा कुठं गेले नाहीत.

आमची ओळख छापखान्यातली. मी तिथं गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांकडून मजकूर घ्यायचो आणि प्रूफं तपासायचो. म्हणजे तपासतो असा समज होता. मी एकदा सकाळच्या मुहूर्ताचं ‘सायंकाळी’ करून ठेवलं होतं. पाहुणे नटूनथटून पोचले तेव्हा मांडववाला बांबू उपसत होता. तरी मालकांनी मला ठेवलं, कारण गिऱ्हाईक भांडायला आलं की शिव्या खाण्यात माझ्याइतका अनुभवी माणूस त्यांच्याकडं दुसरा नव्हता.

ती नामांतराची वर्षं. आज एक बाजू पत्रकं छापायला यायची, उद्या दुसरी, आणि दोन्ही बाजूंना आपलं काम आधी पाहिजे असायचं. मालक इतके घाबरले की त्यांनी पत्रकं घेणंच बंद केलं. म्हणाले, “आता फक्त लग्नं, बारशी आन् दहावे. लग्नात बी भांडणं होतात, पण ती मांडवात होतात. छापखान्यात होत न्हाईत.” आणि त्याच धाडसाच्या भरात त्यांनी एक कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटरबरोबर जिंतूरकर आले.

कॉम्प्युटरच्या खोलीला वाळ्याचा पडदा, दाराबाहेर चपला, आत उदबत्तीला मनाई. आम्हाला वाटलं, पुण्याला कोर्स करून आलेला हा माणूस चार दिवसांत पत्रिका काढायला लागेल. ते चार महिने एकही पत्रिका न काढता टक टक करत बसले. मालकांनी विचारलं, “काय करायलात?”

“कारखाना बांधायलोय.”

“मी पत्रिका सांगितल्या होत्या.”

“पत्रिका कुणीही करील. मी पत्रिका करणारा करायलोय.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी प्रूफात डोकं घातलं.

हा कारखाना काय भानगड आहे, ते मला कळायला गफूरभाईच्या मुलीचा निकाह आठवावा लागला. ही कॉम्प्युटरच्या आधीची गोष्ट. आमचा लिंबाजी तीस वर्षांचा मुरलेला कंपोझिटर, डोळे मिटून खिळे जुळवणारा. त्या दिवशी त्यानं खरंच डोळे मिटले असावेत. निकाहच्या पत्रिकेवर डोक्यावर गणपतीचा ब्लॉक बसला, मी प्रूफ ‘तपासलं’, आणि दोनशे पत्रिका छापून झाल्या. गफूरभाई पत्रिका घेऊन आला. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तो मला म्हणाला, “रत्नाकरभाई, मेहमान आहेत, येऊ द्या. लेकिन मी बिर्याणीची देग सांगून बसलोय. आता यांच्यासाठी मोदक कोण करणार?” आणि नव्यानं छापून घेतल्या त्या पत्रिका निमूट घेऊन गेला. आजही त्याच्या गल्ल्यामागं ती जुनी एक लावलेली आहे.

ही हकीकत मी जिंतूरकरांना हसत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “चूक लिंबाजीची नाही.”

मला लय आनंद झाला. “माझी पण नाही ना?”

“तुमची थोडी आहे. पण खरी चूक टेबलाची. गणपतीचा ब्लॉक आणि निकाहचा मजकूर एका टेबलावर सापडलेच कसे? ते सापडायलाच नाही पाहिजेत.” मग त्यांनी गफूरभाईच्या बिलाच्या मागं एक चौकोन काढला. “ही खिडकी. तुम्ही खिडकीशी उभं राहायचं. तीनच गोष्टी मागायच्या. डोकं दे, मजकूर दे, शेवट दे. आत कुठला कारखाना चालू आहे, ते तुम्ही बघायचं नाही. एका कारखान्यात गणपती, शुभविवाह, आहेर-नमस्कार. दुसऱ्यात चांदतारा, निकाह, दुआ. एका कारखान्यातून आलेल्या तिन्ही वस्तू एकमेकांच्या घरच्याच असणार. खिडकी तीच. मागणं तेच. आतलं घर वेगळं.”

“म्हणजे सरकारी खिडकीसारखं?”

“सरकारी खिडकी पण तीच असते,” जिंतूरकर म्हणाले, “फक्त आतला कारखाना जेवायला गेलेला असतो.”

हा त्यांनी केलेला एकमेव विनोद. आणि तो करतानाही ते गंभीर होते.

पण कारखाना चालला! बौद्ध पद्धतीच्या लग्नाची पत्रिका पहिल्यांदा आली, तेव्हा जिंतूरकरांनी चार दिवस घेतले, नवा कारखाना बांधला आणि त्याच खिडकीमागं बसवला. खिडकीशी काहीच बदललं नाही. मी तेच बटण दाबलं आणि वर बुद्धमूर्ती, मध्ये मंगल परिणय, शेवटी सप्रेम जयभीम असं सगळं सुबक बाहेर आलं. नवऱ्या मुलाचा भाऊ शाळेत मास्तर होता. त्यानं लाल पेन काढून पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, “कुठल्याबी प्रेसात आमाला आधी इकडलं-तिकडलं खोडावं लागतं. आज काईच खोडावं लागलं न्हाई.” जिंतूरकरांचे कान लाल झाले. कौतुक कुठं ठेवायचं, याचा रकाना त्यांच्याकडं नव्हता.

बाकी रकाने मात्र एकेचाळीस होते. कारखाना एकदा बांधायचा आणि चिठ्ठी रोज बदलायची, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकानं फॉर्म भरायचा, मी तो कॉम्प्युटरला द्यायचा. नवरदेवाचं शिक्षण, मामांची संख्या, रुसण्याची शक्यता असलेले काका (होय, असा रकाना होता, त्यांचं नाव मोठ्या अक्षरात यायचं). आणि सगळ्यांच्या वर एक मुख्य चिठ्ठी होती. गिऱ्हाइकानं काही सांगितलं नाही तर काय धरायचं, ते तिच्यात लिहिलेलं. विद्यापीठाचं नाव न सांगितल्यास ओळच नको. मालक ही ओळ वाचून इतके खूश झाले की त्यांनी जिंतूरकरांना नवा टेबलफॅन दिला. त्या दिवसांत विद्यापीठाचं जुनं नाव छापायचं का नवं, यावरून वर आणि वधू दोन्ही पक्ष आमच्या काउंटरवरच समोरासमोर आले होते.

एकाच ओळीवर मालक अडले. ‘निमंत्रक सोडून इतर ज्येष्ठ, न सांगितल्यास: हयात.’

“हे उलटं करा,” मालक म्हणाले. “आजोबा-पणजोबा बहुतेक गेलेलेच असतात. कोरा रकाना दिसला की ‘कै.’ लावून मोकळं व्हायचं.”

“नाही,” जिंतूरकर म्हणाले. “रकाना कोरा असला तर माणूस जिवंत.”

“अहो, पण काम वाढायलंय.”

“वाढू द्या.”

एरवी मालकांनी ‘ऊन आहे’ म्हटलं तरी मान डोलावणारा माणूस. एवढ्या एका ओळीवर भिंतीसारखा उभा राहिला. मी आपला समजलो, सभ्यपणा असेल.

जिंतूरकर राहायचे वहिनी आणि पुतणीबरोबर. थोरले बंधू मनोहरराव ‘बाहेरगावी असतात’. हे दोन शब्द त्या घरात दाराच्या कडीसारखे होते. तिथून पुढं कुणी जायचं नाही. मला सगळी गोष्ट गफूरभाईकडून कळली. दहा-अकरा वर्षांपूर्वी मनोहरराव नोकरी बघायला म्हणून सकाळच्या गाडीनं कल्याणकडं गेले. पहिल्या वर्षी तीन पोस्टकार्डं आली. मग काही नाही. जिंतूरकर दोनदा जाऊन शोधून आले. पत्ता होता, माणूस नव्हता. वहिनी कुंकू लावायच्या आणि पुतणी सुमन वडलांचं नाव विचारलं की स्वच्छ सांगायची.

त्या वर्षी सुमनचं लग्न सेलूच्या मुलाशी ठरलं. व्याही भले माणूस होते, निवृत्त हेडमास्तर. पण हेडमास्तर. त्यांचं पत्र आलं, ‘पत्रिका आठवडाभरात पाठवावी. वधूच्या वडलांच्या नावामागे श्री. की कै. ते एकदा निश्चित करावे. इकडे चार माणसे विचारतात. एका पत्रिकेत दोन्ही चालणार नाही.’

जिंतूरकरांनी ते पत्र मला दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. श्री. छापावं तर मांडवात माणूस हजर पाहिजे. कै. छापावं तर वहिनींनी छापील पत्रिका बघून कपाळ पुसायचं. लोकांच्या पत्रिका अर्ध्या तासात काढणारा माणूस घरची पत्रिका रोज उद्यावर ढकलायला लागला. मी एकदा म्हटलं, “अहो, कारखानदाराच्या घरीच माल नाही?” ते म्हणाले, “एक रकाना राहिलाय.”

आता माझ्या कर्तबगारीकडं येतो.

लग्नसराई तुंबली होती. गिऱ्हाईक दारापर्यंत. मी बघितलं की दर फॉर्ममध्ये आजोबा, पणजोबा, पणजी अशा पाच-सहा जणांपुढं गिऱ्हाइकानं लिहिलेलं ‘कै.’ मला कॉम्प्युटरला परत भरत बसावं लागतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या डोक्यात प्रकाश पडतो तेव्हा आजूबाजूच्यांनी अंगणात जाऊन उभं राहावं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जिंतूरकर जेवायला गेले होते. मी मुख्य चिठ्ठी उघडली आणि ‘हयात’ खोडून ‘कै.’ केलं. म्हटलं, आता जिवंत तेवढे सांगायचे, बाकीचे आपोआप.

कामाचा वेग दुप्पट झाला. मालकांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. जिंतूरकरांना सांगायचं मी दुसऱ्या दिवसावर टाकलं, मग तिसऱ्या, मग विसरलो.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी जिंतूरकर बदलले. गफूरभाईकडं गेले, बाकावर बसले आणि म्हणाले, “चहा.”

गफूरभाईचा चमचा थांबला. “कैसी, साब?”

“कशीपण.”

“बशी ओली हाय.”

“असू द्या.”

गफूरभाईनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “साबला ताप आहे का?” वहिनीही एकदा डबा द्यायच्या निमित्तानं छापखान्यात आल्या. मला हळूच म्हणाल्या, “रत्नाकरभाऊ, भावजी नीट जेवायले न्हाईत. कामाचं काही झालंय का?” मी छातीवर हात ठेवून सांगितलं, “काम तर उलट झपाट्यानं चाललंय, वहिनी.” तेवढं एक खरं होतं.

असे आठ दिवस गेले. आणि एका दुपारी पिंगळीहून सोपानराव आले.

पांढराशुभ्र फेटा, हातात काठी, काखेत पत्रिकांचा गठ्ठा. दारातूनच म्हणाले, “मालक कोन हाय?”

मालकांनी नवं गिऱ्हाईक समजून खुर्ची पुढं केली. “या आबा, या. काय काढायचंय? लगीन का मयत?”

“दोन्ही. लगीन नातीचं, मयत माझी.”

“बसा तर खरं.”

“मेलेला मानूस बसत असतो व्हय?”

“पाणी तरी घ्या.”

“पाजा. वरून तुळशीचं पान बी ठिवा.”

गठ्ठा काउंटरवर आपटला. वरच्याच पत्रिकेत, माझ्या निर्दोष प्रूफातून पार पडलेलं, ‘कै. सोपानराव’. मी हळूच वरची पत्रिका उलटी केली. सोपानराव मात्र आता रंगात आले होते. “गंगाखेडला माजी भैन हाय. तिला टपालानं पत्रिका गेली. ती पैल्या गाडीनं रडत आली. मी दारात लिंबाची काडी घिऊन दात घासायलो. ती माझ्याच गळ्यात पडून इचारायली, दादा कवा गेला रं? मी म्हनलं, बाई, मला बी आत्ताच कळायलंय.”

लिंबाजी हसला. मालकांनी डोळे वटारल्यावर त्यानं हसू तोंडातच ठेवलं, पण खांदे हलत राहिले.

“पोराला धरलं,” सोपानराव म्हणाले. “म्हनलं, तू लिव्हलं का हे? त्यो म्हनला, आबा, मी रकाना कोरा सोडला. समोर बाजंवर बसून शिव्या देनाऱ्या बापाचं काय लिव्हायचं? गेलेल्याचं लिव्हतेत. जित्या मानसाचं कोन लिव्हतंय?”

मालक उठले. “बास. हे धूड बंद. लिंबाजी, खिळे काढ. उद्यापासून हातानं.”

लिंबाजी इतक्या चपळाईनं उठला की त्याच्या गुडघेदुखीवरचा माझा विश्वास तिथंच संपला. जिंतूरकर मात्र वाळ्याच्या पडद्याशी उभे होते, चेहरा कागदासारखा. ते काही बोलतील, त्यांचीच चूक म्हणून गळ्यात घेतील, असं मला दिसलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पकडला जाण्याआधी बोललो.

“चिठ्ठी मी बदलली.”

“कोणती?” जिंतूरकरांनी विचारलं.

“मुख्य. हयात होतं, मी कै. केलं. तीन आठवडे झाले. वेग वाढावा म्हणून.”

मालकांनी जे म्हटलं ते छापण्यासारखं नव्हतं. पण जिंतूरकर माझ्याकडं असे बघत होते, जसं मी त्यांना लॉटरीचं तिकीट दाखवलंय.

“तुम्ही? नक्की तुम्हीच?”

“नक्की मीच.”

“म्हणजे मी नाही.”

“तुम्ही कशाला बदलाल? तुम्ही तर त्या ओळीसाठी मालकांशी भांडलात.”

त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला. घडीवर घडी पडून तो मऊ झाला होता. सुमनची पत्रिका. आठ दिवसांपूर्वी काढलेली. बाकीचे सगळे रकाने त्यांनी भरले होते. निमंत्रक म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं आणि वडलांच्या नावापुढचा एक रकाना कोरा ठेवून खिडकीशी उभे राहिले होते, कुठल्याही गिऱ्हाइकासारखे. आणि कारखान्यानं दिलं होतं, ‘कै. मनोहरराव’.

“पण तुम्हाला तर चिठ्ठी उघडून बघता आली असती,” मी म्हटलं. “दोन मिनिटांचं काम.”

“उघडली होती. ‘कै.’ लिहिलेलं दिसलं.” जिंतूरकर कागदाकडं बघत म्हणाले, “मला वाटलं, मीच बदललं. कधीतरी, कामाच्या नादात, आणि विसरलो. इतकी वर्षं झाली. माणूस आतून धरायचं कधी सोडतो, त्याचं त्यालाही कळत नसेल, असं वाटलं.”

वेगासाठी टेबलफॅन मिळेल, अशी मला आशा होती. मी काउंटरवरच्या पेनाचं टोपण काढलं आणि घातलं. काढलं आणि घातलं.

“काय हाय त्या कागदात?” सोपानरावांनी विचारलं.

आणि आम्हाला ‘बाहेरगावी असतात’च्या पुढं कधीही न सांगितलेली गोष्ट जिंतूरकरांनी त्या परक्या माणसाला चार वाक्यांत सांगितली. मनोहरराव, पोस्टकार्डं, वहिनी, सेलूच्या हेडमास्तरांचं पत्र. सोपानराव खुर्चीवर बसले. आपण मेलोय, हे विसरून पाणीही प्याले.

“त्यात इच्यार कशाचा करायलात?” ते म्हणाले. “जित्याला मेला छापलं तर त्यो काठी घिऊन भांडायला येतो. मी आलो का न्हाई? आन् मेलेल्याला जिता छापलं, तर कोन येतंय भांडायला? श्री छापा. भांडायला आला, तर आपलं बरंच की.”

जिंतूरकर आत गेले. टक टक ऐकू आली, थोडीच, एका शब्दाइतकी. मग म्हणाले, “रत्नाकरराव, तीन आठवड्यांचे सगळे फॉर्म काढा.” आम्ही एकेक फॉर्म तपासला. लोक गेलेल्यांचं बरोबर लिहीत होते आणि असलेल्यांचं मी विचारून भरलं होतं. विचारायचे राहिलेले कोरे रकाने निघाले दोनच. एक सोपानरावांचा, एक मनोहररावांचा. त्या दोघांशिवाय मी कुणाला मारलं नव्हतं, हे कळल्यावर मालकही जरा निवळले आणि लिंबाजी पुन्हा लंगडायला लागला.

सोपानरावांच्या पत्रिका त्याच दुपारी नव्यानं निघाल्या. त्या घेऊन आम्ही सगळे गफूरभाईकडं गेलो. जिंतूरकर बाकावर बसले, बोट वर केलं आणि म्हणाले, “गफूरभाई, पाच पेयं. चार साधी. एक गरम, दूध अर्धं, साखर कमी, अद्रक असल्यास, कप, कान शाबूत, बशी...”

“कोरडी!” गफूरभाई ओरडला आणि बशी स्वतःच्या सदऱ्याला पुसली.

शिक्षा म्हणून सेलूला पत्रिका घेऊन मी गेलो, जिंतूरकरांबरोबर. हेडमास्तरांनी चष्मा लावून ‘श्री. मनोहरराव’ हे शब्द दोनदा वाचले आणि विचारलं, “हे नक्की ना?”

“नक्की नाही,” जिंतूरकर म्हणाले. “पण उलटंही नक्की नाही.”

मी घाईघाईनं सोपानरावांची हकीकत सांगून टाकली, माझ्या गाढवपणासकट, जरा तिखटमीठ लावूनच. बहीण गळ्यात पडण्याच्या जागी आल्यावर हेडमास्तरांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, “राहू द्या. असंच राहू द्या. विचारणाऱ्या चौघांना मी बघून घेतो.”

परत आल्यावर जिंतूरकरांनी एक पत्रिका पाकिटात घातली, कल्याणचा जुना पत्ता घातला आणि स्टेशनजवळच्या पेटीत टाकली. पेटीचं झाकण एकदा उघडून आत बघितलं. लग्नाच्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही. पण पाकीट परतही आलं नाही.

लग्न झकास झालं. दोन मंगलाष्टकं मी म्हटली, त्यातल्या एकात वराचं नाव चुकवलं. सोपानराव निमंत्रण धरून पिंगळीहून आले होते, तोच फेटा, तीच काठी. पंगत बसली. वहिनी मीठ-लिंबू वाढत होत्या, जिंतूरकरांच्या हातात बुंदीचं ताट होतं. तेवढ्यात वरपक्षाच्या एका पाहुण्यानं हातात पत्रिका धरून, अगदी साध्या मनानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मुलीचे वडील दिसले नाहीत कुठं?”

वहिनींचा हात थांबला. सुमन तिकडं पाटावर बसल्या जागी वळली. जिंतूरकरांनी तोंड उघडलं. ‘बाहेरगावी असतात’ एवढंच म्हणायचं होतं, पण ते दोन शब्द त्या दिवशी निघेनात.

पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. “येतेल की! मला तर कागदावर मारलं होतं, भैन रडून बी गेली. तरी मी बुंदी खायला आलो का न्हाई? त्येंचं तर नाव जितं छापलंय. त्येंला यायला काय हुतंय?” आणि सोपानराव पाहुण्याकडं वळले. “तुमी जेवा, पाव्हनं. सायेब, वाढा हिकडं.”

पंगत हसली. वहिनींनी पदर सावरला आणि पुढच्या पानावर लिंबाची फोड ठेवली. जिंतूरकर ताट घेऊन सोपानरावांपुढं वाकले. आवाज बसला होता, पण प्रश्न जुनाच होता.

“आबा, बुंदी. किती वाढू? न सांगितलं तर काय धरायचं?”

सोपानरावांनी पानावर हात आडवा धरला नाही. “न सांगितलं तर,” ते म्हणाले, “वाढत ऱ्हायचं.”